चार्टर यॉटवरची नोकरी म्हणजे पगारी सुट्टी?

"कॅरिबियनमध्ये यॉटवर नोकरी म्हणजे फुकटात बेटं बघायची आणि वर पगार घ्यायचा" हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. त्याच्या भरवशावर तरुण मुलं अर्ज करतात, याची मला काळजी वाटते.

ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचंच बघा. तिथे चार्टरवर, म्हणजे भाड्याने, पाहुण्यांना घेऊन फिरणाऱ्या कॅटमरानवर (दोन सांगाडे जोडलेल्या बोटीवर) बहुधा दोनच माणसं कामाला असतात, कॅप्टन आणि स्वयंपाक सांभाळणारा जोडीदार. पाहुणे 8 ते 10. न्याहारी, जेवणं, केबिनची सफाई, किनाऱ्यावर ने-आण, सगळं या दोघांवर. शौचालय तुंबलं तर भर समुद्रात प्लंबर कुठला? कॅप्टनच नळी उघडून बसतो.

रात्रही आपली नसते. पावसाची सर घेऊन वारा फिरला की कॅप्टन अंधारात बोटीच्या पुढच्या टोकावर जाऊन नांगराच्या साखळीवर हात ठेवतो. नांगर तळावरून घसरत असेल तर साखळीची थरथर हाताला कळते. तिथलं अनेगाडा बेट सखल, लांबून दिसतही नाही आणि भोवती प्रवाळाचे खडक. तिथे तर डोळ्यांत तेल घालूनच जावं लागतं.

व्हर्जिन गोर्डा बेटावरचे प्रसिद्ध 'बाथ्स', म्हणजे प्रचंड शिळांमधली समुद्राच्या पाण्याची कुंडं, पाहुणे बघत असतात, तेव्हा बोटीवर दुपारच्या जेवणाची घाई चाललेली असते. सहल संपून पाहुणे उतरले की चादरी, बाजारहाट, डिझेल, आणि लगेच पुढची मंडळी.

टिप चांगली मिळते, हे खरं. जायचंच असेल तर एसटीसीडब्ल्यूचं (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं) प्राथमिक सुरक्षा प्रशिक्षण आणि वैद्यकीय दाखला आधी हातात घ्या.