डाल्मेशियनचा मुतखडा आणि वंशावळीचा कागद

इंदूरमध्ये ब्रीडरकडून पिल्लू घेताना बहुतेक जण पहिली चौकशी नोंदणीच्या कागदाची करतात. केनेल क्लबचा शिक्का असला आणि आईवडिलांची, आजीआजोबांची नावे छापलेली असली, की पिल्लू निरोगी निघणार असे गृहीत धरले जाते, आणि त्या भरवशावर किंमतही वाढवून दिली जाते. रामबाग परिसरातील ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने असेच एक डाल्मेशियन पिल्लू घेतले होते. नर, पांढऱ्याशुभ्र अंगावर रेखीव काळे ठिपके, कागदपत्रे चोख. तिसऱ्या वर्षी त्याची लघवी एकाएकी अडली. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. सोनोग्राफीत मात्र मूत्राशयात बारीक खड्यांचा ढीगच आढळला.

घरच्यांनी ब्रीडरला दोष दिला आणि शेजाऱ्यांनी बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला. कोणीतरी 'खडा विरघळवणारा' काढाही आणून दिला. यांपैकी पाण्याचा तर्क सर्वांत सहज बाद होतो. क्षारयुक्त पाण्यात मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते, तर डाल्मेशियनच्या मूत्राशयात सापडणारे खडे बहुतांशी अमोनियम युरेटचे, म्हणजे यूरिक ॲसिडपासून बनलेले असतात आणि त्यांत कॅल्शियम नसते. साध्या एक्स-रेमध्ये ते अनेकदा उमटत नाहीत, याचेही कारण तेच. आता, यूरिक ॲसिड कुत्र्याच्या लघवीत एवढ्या प्रमाणात यावेच का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्राणिशरीरशास्त्रातील सर्वांत सुंदर प्रकरणांपैकी एक आहे, असे मला वाटते.

प्रत्येक पेशीतील डीएनएमध्ये प्युरीन नावाचे घटक असतात. पेशी जुन्या झाल्या, किंवा मांस खाल्ले, की या प्युरीनचे विघटन होऊन यूरिक ॲसिड तयार होते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही. म्हणून बहुतेक सस्तन प्राण्यांच्या यकृतात यूरिकेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे रूपांतर अलँटोइनमध्ये करते, जे सहज विरघळते आणि लघवीवाटे निघून जाते. माणसाने आणि वानरकुळातील त्याच्या जवळच्या नातलगांनी हे विकर उत्क्रांतीच्या ओघात गमावले आहे, आणि आपल्याला गाऊट, म्हणजे यूरिक ॲसिड साचून होणारा सांध्यांचा आजार, होतो त्यामागे हेही एक कारण आहे. डाल्मेशियननेही ते गमावले असावे, असा अंदाज कोणीही केला असता. पण त्याच्या यकृताच्या पेशी फोडून तपासल्या, तेव्हा यूरिकेज जागेवर होते आणि व्यवस्थित कामही करत होते. तरीही इतर कुत्री दिवसाला सुमारे 10 ते 60 मिलिग्रॅम यूरिक ॲसिड बाहेर टाकत असताना डाल्मेशियन 400 ते 600 मिलिग्रॅम टाकत होता.

गिरणी चालू, जातेही शाबूत, पण धान्य आत नेण्याचे दारच बंद, असा हा प्रकार आहे. यूरिक ॲसिड आपोआप पेशीत शिरत नाही. पेशीच्या आवरणातील एक वाहक प्रथिन त्याला आत घेते. हे प्रथिन घडवणाऱ्या एसएलसी2ए9 या जनुकात डाल्मेशियनमध्ये एका अक्षराचा बदल झालेला आहे, आणि त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतील 188 व्या स्थानावर सिस्टीनऐवजी फेनिलॲलनीन हे अमिनो आम्ल बसते. एवढ्याने दार निकामी होते. यूरिक ॲसिड यकृताच्या पेशीत पोहोचत नाही, त्यामुळे त्याचे अलँटोइन होत नाही. आणि मूत्रपिंडातही याच प्रथिनाकरवी ते गाळलेल्या द्रवातून रक्तात परत घेतले जाते, तेही थांबते. एकाच बिघाडाचे असे दोन ठिकाणी दोन परिणाम होतात, आणि दोन्ही लघवीतील यूरिक ॲसिड वाढवणारेच. हा बदल 2008 मध्ये ओळखला गेला. माणसांच्या रक्तातील यूरिक ॲसिडशी याच जनुकाचा संबंध असल्याचे त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने पुढे आले.

हा बिघाड अप्रभावी आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच तो प्रकट होतो. एरवी अशा दोषावर उपाय सोपा असतो: ज्याच्याकडे निदान एक चांगली प्रत आहे, असा जोडीदार निवडायचा. डाल्मेशियनच्या बाबतीत तो निवडायला उरलाच नव्हता, कारण शुद्ध वंशाच्या प्रत्येक कुत्र्यात दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. ठसठशीत, सुटे ठिपके निवडता निवडता पूर्वीच्या पैदासकारांनी नकळत हा बदलही निवडला असावा, असा एक अंदाज आहे. थोडक्यात, रामबागेतील कुटुंबाला ब्रीडरने फसवले नव्हते. त्याने शुद्ध डाल्मेशियन विकला होता, आणि दोष त्या शुद्धतेतच अंतर्भूत होता. अमुक ब्रीडरऐवजी तमुककडे गेलो असतो तर, हा विचार येथे निरर्थक ठरतो.

मग चांगली प्रत आणायची कोठून? 1973 मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञाने डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी एकदाच संकर केला आणि पुढे प्रत्येक पिढीत यूरिक ॲसिड कमी असलेले पिल्लू निवडून त्याचा जोड पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशीच लावला. अशा प्रत्येक जोडणीत पॉइंटरचा सरासरी वाटा निम्मा होत जातो: एक द्वितीयांश, एक चतुर्थांश, एक अष्टमांश. चांगले जनुक मात्र प्रभावी असल्याने त्याची एक प्रत पुरते, आणि प्रत्येक वेतातील साधारण निम्म्या पिल्लांना ती मिळते. काही पिढ्यांत ही कुत्री दिसायला डाल्मेशियनच राहिली आणि त्यांची लघवी इतर कुत्र्यांसारखी झाली. अमेरिकन केनेल क्लबने 1981 मध्ये त्यांतील दोघांची नोंदणी केली, पण डाल्मेशियनप्रेमींच्या विरोधामुळे पुढची वाट बंद झाली, आणि ती पुन्हा उघडायला 2011 साल उजाडले. एक जनुक दुरुस्त झाले तर वंश बाटतो, ही समजूत रक्तशुद्धीच्या इतर समजुतींइतकीच निराधार आहे. तिची किंमत तीस वर्षे कुत्र्यांनी मोजली.

प्रत्येक डाल्मेशियनला खडे होतातच असे नाही. मादीचा मूत्रमार्ग रुंद असल्याने बारीक खडे सहसा निघून जातात. नराचा मार्ग शिश्नातील हाडाच्या खोबणीतून जातो आणि खडा तेथेच अडकतो. लघवी पूर्ण अडली तर ती तातडीची अवस्था असते, काढ्याने वेळ घालवण्याची नव्हे. एरवी भर प्रतिबंधावर असतो: भरपूर पाणी, वारंवार लघवीची संधी आणि कमी प्युरीनचा आहार. आपल्याकडे लाडाने खाऊ घातली जाणारी कलेजी याच प्युरीनने भरलेली असते, म्हणून ती वर्ज्य. ॲलोप्युरिनॉल हे औषध यूरिक ॲसिड बनणेच कमी करते, पण आहार न बदलता ते देत राहिले तर मागे साचलेल्या झँथीनचे, म्हणजे यूरिक ॲसिड बनण्याआधीच्या टप्प्यातील पदार्थाचे, खडे होऊ शकतात. म्हणून मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी.

हाच बदल बुलडॉग आणि ब्लॅक रशियन टेरियर या जातींतही सापडतो, मात्र तेथे तो सर्वांत नाही. त्या जातींचे पिल्लू घेताना आईवडिलांच्या डीएनए चाचणीचा निकाल मागणे उपयोगाचे ठरते, कारण दोहोंपैकी एकाकडे जरी दोन चांगल्या प्रती असतील, तरी त्या वेतातील एकाही पिल्लाला हा आजार होत नाही.