‘शांत पोर निरोगी, चळवळं पोर दणकट’: दोन्ही समज अर्धवट

सोलापुरात हे पेठोपेठी ऐकू येतं. स्वभावाचा तब्येतीशी संबंध आहेच, पण तो बहुतेक रोजच्या वागण्यातून येतो.

चळवळ्या मुलांना पडणं, भाजणं, घशात काही अडकणं याचा धोका जास्त. माळवदाला कठडा नसेल तर जिन्याला कडी हवीच. आणि शेंगा! पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नका. पळताना, हसताना तो श्वासनलिकेत जातो. बारीक कूट चालतं.

किरकिऱ्या बाळाच्या हातात दर रडण्याला बिस्कीट दिलं, की भूक नसताना खायची सवय लागते आणि वजन वाढतं. आधी लंगोट, झोप, उकाडा बघा.

खरी फसगत शांत मुलांबाबत होते. जन्मापासून शांत असेल तर तो बहुधा स्वभाव. पण खेळकर मूल हळूहळू बसून राहू लागलं, माती-खडू खाऊ लागलं, खालच्या पापणीची आतली बाजू फिकट दिसली, तर ‘गुणी झालं’ म्हणू नका, रक्त तपासा. २ ते ५ वर्षांत हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली, ५ ते ११ वर्षांत ११.५ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. जेवणासोबतचा चहा लोह नीट शोषू देत नाही. तो बंद करा, पालेभाजीवर लिंबू पिळा. सरकारी योजनेतलं लोहाचं औषध ६ महिने ते ५ वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा, १ मिली. दुधासोबत नको. शी काळी होते, त्याला घाबरून औषध थांबवू नका.