जंगलाचा खोडवा

झाड तोडलं की मेलं, असं आपण धरूनच चालतो. इंग्लंडच्या सफोकमधल्या ब्रॅडफिल्ड वुड्समध्ये मात्र निदान १२५२ सालापासून झाडं तोडतायत, आणि जंगल जागेवर आहे. तेव्हा ते बेरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या मालकीचं होतं.

ऊस लावणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. ऊस तुटला की बुडख्यातून खोडवा फुटतो. ॲश, हेझल, ओक या तिकडच्या झाडांचंही तसंच. पाच-सात वर्षं वाढवायचं, हिवाळ्यात जमिनीलगत छाटायचं, पुन्हा वाढू द्यायचं. बारीक काठ्या कुंपणाला, सरपणाला आणि घरांच्या भिंतींना जायच्या. त्या भिंती म्हणजे आपल्या कोकणातल्या कुडासारख्याच: विणलेल्या काठ्या, वर मातीचा गिलावा.

हे फुटवे येतात कसे? झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरतं आणि सालीतल्या सुप्त कळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की हा दाब उठतो, मुळांकडून येणारं सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक वरचढ होतं आणि कळ्या उमलतात. (यात स्ट्रिगोलॅक्टोन हा तिसरा गडीही आहे, शिवाय कळीपर्यंत पोचणारी साखरही.) माझ्या मते खरी गंमत जमिनीखाली आहे. मुळं मोठ्या झाडाची, त्यांत साठवलेला स्टार्च भरपूर, आणि खाणारी तोंडं वर इवलीशी! म्हणून ॲशचा फुटवा एका उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावर जातो. बियाण्याच्या रोपाला त्याला बरीच वर्षं लागतात.

जड खोडच नाही, त्यामुळे झाड वादळात उन्मळत नाही. खुंट मधून कुजतो, फुटवे कडेनं येत राहतात, आणि कडं रुंदावत जातं. ब्रॅडफिल्डमधला ॲशचा एक खुंट असा साडेपाच मीटरच्या घरात पसरलाय. वय अंदाजे हजार वर्षं. अंदाजेच, कारण वलयं मोजायला मधलं लाकूड उरलेलंच नाही.

पण कोवळा फुटवा गुरांना आणि हरणांना फार आवडतो. एका चराईत सात वर्षांचं पीक जायचं. म्हणून रानाभोवती मातीचा बांध घालत, वर कुंपण, आणि बांधाबाहेर चर. गुरं चरातून वर चढून कुंपण ओलांडू शकत नसत.

तिकडे असल्या मातीकामांचं श्रेय कधी सैतानालाही मिळालंय. केंब्रिजशायरमध्ये अँग्लो-सॅक्सन काळातला बारा किलोमीटरचा एक तट आहे, त्याचं नावच 'डेव्हिल्स डाइक'. आपल्याकडे प्रत्येक लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं, तसंच हे. फावडी मारणाऱ्यांचं नाव कुठंच नाही.

बांध कशासाठी घातला होता, ते चर कुठल्या बाजूला आहे यावरून बऱ्याचदा कळतं. चर बाहेर असेल तर आत जंगल राखलेलं होतं. चर आतल्या बाजूला असेल तर ते सरदाराचं हरणांचं कुरण, कारण तिथं जनावर आत यायला हरकत नव्हती, बाहेर पडायला होती.