सोलरायझेशन: कडेवरची रेघ येते कुठून?

फोटो एडिटिंगच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘सोलराइज’ असा एक पर्याय असतो. त्यामागचं गणित अगदी छोटं आहे. आठ बिटांच्या कृष्णधवल फोटोत प्रत्येक पिक्सेलला ० (काळा) ते २५५ (पांढरा) यांतला एक आकडा असतो. १२७ पर्यंतचे आकडे तसेच राहतात, त्यावरचे २५५ मधून वजा होतात. २०० चे ५५ होतात, लख्ख पांढरा थेट शून्यावर येतो. १२७ च्या वर काहीच न उरल्याने फोटो मळकट दिसतो आणि अनेक जण तिथेच नाद सोडतात. याची मला हळहळ वाटते, कारण डार्करूममधला मूळ परिणाम विलक्षण देखणा आहे आणि संगणकावर त्याच्या बरंच जवळ जाता येतं. फक्त डार्करूममध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत, रसायनांच्या ट्रेमध्ये काय घडायचं ते आधी समजून घ्यायला हवं.

निगेटिव्ह (उजेड-अंधार उलटा दाखवणारी फिल्म) डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात असताना, आणि ते कायम करणाऱ्या फिक्सरमध्ये जाण्याआधी, तिच्यावर क्षणभर पांढरा प्रकाश पडला की हा परिणाम दिसतो. फ्रान्सच्या आर्माँ साबातिए यांनी १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं वर्णन केलं होतं. पुढे १९२९ च्या सुमारास पॅरिसमध्ये छायाचित्रकार ली मिलर या कलावंत-छायाचित्रकार मॅन रे यांच्या डार्करूममध्ये काम करत होत्या. पायावरून काहीतरी सरसरत गेलं म्हणून दचकून आपण दिवा लावला, असं त्या नंतर सांगत. त्या अपघातातून दोघांनी एक तंत्र घडवलं. त्यांच्या पोर्ट्रेटमध्ये चेहऱ्याच्या कडेने पेन्सिलीने काढल्यासारखी काळी रेघ धावते, ती यातूनच आली.

दिवा लागतो तेव्हा निगेटिव्हच्या जास्त प्रकाश मिळालेल्या भागात बरीच चांदी काळी झालेली असते. ही काळी चांदी खालच्या थराला नव्या प्रकाशापासून झाकते. शिवाय तिथला डेव्हलपर थकलेला असतो, आणि अभिक्रियेतून सुटलेलं ब्रोमाइड साचून पुढचं डेव्हलपिंग रोखत असतं. म्हणून तिथे फारसा बदल होत नाही. छायेच्या भागात मात्र सिल्व्हर ब्रोमाइड, म्हणजे फिल्मवरचा प्रकाशाला संवेदनशील क्षार, अजून शाबूत असतं. नवा प्रकाश लागताच तो भाग काळवंडू लागतो. दोन्हींच्या सीमेवर साचलेलं ब्रोमाइड पलीकडे झिरपतं आणि काळवंडणं अडवतं, त्यामुळे तिथे एक बारीक पारदर्शक पट्टी राहते. हिलाच ‘मॅकी रेषा’ म्हणतात. निगेटिव्हवर पारदर्शक, म्हणून प्रिंटवर काळी. दिवा लावल्यानंतर ट्रे हलवत राहिलं तर ब्रोमाइड धुऊन जातं आणि रेघ फिकी पडते. म्हणून जाणकार त्या टप्प्यावर ट्रे स्थिर ठेवत.

म्हणजे रेघ कुठे उमटणार हे शेजारी काय आहे यावर ठरतं. सोलराइजचं गणित मात्र प्रत्येक पिक्सेलकडे सुटंसुटं पाहतं. तरीही त्यात कधीकधी रेघ दिसते, कारण फोटोतली कुठलीच कड पूर्ण धारदार नसते. काळ्याकडून पांढऱ्याकडे जाताना मध्ये करडे पिक्सेल लागतात. दोन्ही टोकं काळी झाली की हे करडे पिक्सेल उजळ रेघेसारखे उठून दिसतात. पण काळे केस आणि मागची गडद भिंत यांच्यामध्ये अशी रेघ येणार नाही, आणि गालावरच्या मध्यम छटेचा नुसता रुंद पट्टा होईल.

म्हणून मी तयार पर्याय सोडून ‘कर्व्हज’ वापरावं असं सांगेन. यात एका रेषेचा आकार बदलून छटा बदलता येतात; तिच्या डाव्या टोकाला गडद छटा असतात, उजव्याला उजळ. फोटो कृष्णधवल करा. कर्व्हजमध्ये उजवं टोक वरच ठेवा, मधला भाग तळाशी ओढा आणि डावं टोक वर उचला, पण उजव्यापेक्षा थोडं खाली. छाया करड्या होतात आणि मधल्या छटा काळ्या पडतात, सोलराइज केलेल्या निगेटिव्हच्या प्रिंटसारख्या. मग मूळ फोटोची प्रत घेऊन ‘डिफरन्स ऑफ गॉशियन्स’ फिल्टर लावा. तो एकच फोटो कमी आणि जास्त धूसर करून त्यांतला फरक काढतो, त्यामुळे शेजाऱ्यांचा हिशेब आपोआप येतो. पांढऱ्यावर काळ्या रेघा असा हा थर ‘मल्टिप्लाय’ने, म्हणजे खालचं चित्र फक्त गडद करणाऱ्या मिश्रण-पर्यायाने, वर ठेवा. धूसरपणाची त्रिज्या म्हणजे जणू ब्रोमाइड किती दूर झिरपलं ते अंतर. ती वाढवली की रेघ जाड होते.

या कर्व्हचा चढ न बदललेल्या सरळ रेषेच्या जवळपास दुप्पट असतो, त्यामुळे फोटोतला दाणेदारपणाही तितकाच वाढतो. जास्त दाबलेल्या जेपेगमध्ये ८ × ८ पिक्सेलचे चौकोन उघडे पडतात. शक्य असेल तर रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घेऊन १६ बिटांत काम करावं. सुरुवातीला साध्या पार्श्वभूमीवर, मऊ उजेडात बाजूने टिपलेला चेहरा निवडावा. नाक, ओठ, हनुवटी यांची कड सलग मिळते आणि रेघ मध्येच तुटत नाही.