दुर्मिळ माती? ना दुर्मिळ, ना माती

तुमसरकडच्या मँगनीजच्या पट्ट्यात ड्रिलिंगची मशीन दिसली की पानठेल्यावर विषय निघतोच: "भाऊ, आपल्या काळ्या मातीत रेअर अर्थ आहे म्हनते, काय भाव येईन?" वर्षानुवर्षांचा हा समज नावातूनच आला आहे: इंग्रजीत 'रेअर' म्हणजे दुर्मिळ, 'अर्थ' म्हणजे माती.

रेअर अर्थ म्हणजे स्कँडियम, यिट्रियम आणि 15 लँथनाइड (लँथनमपासून ल्युटेशियमपर्यंतची मूलद्रव्यं), असे 17 धातू. शेतातल्या मातीशी त्यांचं नातं नाही. पाण्यात न विरघळणाऱ्या, तापवूनही न वितळणाऱ्या ऑक्साइडांना जुने रसायनतज्ज्ञ 'अर्थ' म्हणत. 1787 मध्ये स्वीडनच्या इटरबी गावी एक काळा, जड दगड सापडला, तिथून हे नाव चिकटलं. बारसं चुकलं, दुसरं काय!

दुर्मिळही नाहीत. सेरियम भूकवचात जवळपास तांब्याइतकं आहे. किरणोत्सारी प्रोमेथियम सोडलं, तर सर्वांत कमी असलेलं थुलियमही सोन्याहून कितीतरी जास्त. अडचण वेगळीच आहे: हे धातू विखुरलेले असतात आणि गुणधर्मांनी इतके सारखे, की एकमेकांपासून सोडवायला द्रावकांच्या असंख्य फेऱ्या लागतात.

म्हणून प्रयोगशाळेच्या कागदावर सेरियमचा आकडा दिसला, तरी हुरळून जाऊ नये; थोडंफार ते बहुतेक दगडांत निघतंच. आणि बोअर मारला म्हणजे खाण आली, असंही नाही. बोअरमधून काढून पत्र्याच्या पेटीत ओळीनं मांडलेले दगडी दांडके म्हणजे कोअर. ते उभे चिरून अर्धा भाग तपासणीला जातो, अर्धा पेटीतच राहतो. शोधाच्या पायऱ्या चार: सुरुवातीच्या पाहणीच्या जी-४ पासून सविस्तर तपासणीच्या जी-१ पर्यंत. बरेच शोध पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच थांबतात.