बिगरशेती (कोल्हापूर परिसर)

बिगरशेती : शेतीसाठी आकारणी झालेल्या जमिनीचा घर, दुकान किंवा कारखान्यासाठी वापर करायला मिळणारी महसुली मान्यता. कायद्यात तिला ‘अकृषिक’ म्हणतात, व्यवहारात ‘एन.ए.’ आणि कोल्हापूरच्या रस्त्याकडेच्या फलकांवर ‘बिगरशेती प्लॉट’. या नोंदीत कोल्हापूर शहराच्या कडेने शेतांची राहत्या घरांसाठी जी रूपांतरे होत आली, त्यांचाच विचार केला आहे. औद्योगिक वसाहतींची गोष्ट वेगळी आहे.

बोलताना दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक म्हणजे झोन. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत एखादा तुकडा पिवळा म्हणजे रहिवास विभागात दाखवला आहे की हिरवा म्हणजे शेती विभागात, हे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली ठरते. दुसरी म्हणजे त्या तुकड्याचा महसुली वापर बदलणे; हे त्याच वर्षीच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली येते. पहिली गोष्ट नकाशावरची, दुसरी सातबारावरची. जमीन पिवळ्यात असूनही बिगरशेती नसू शकते, आणि ‘एन.ए. करून देतो’ म्हणणाऱ्याची जमीन हिरव्यात असेल, तर त्याच्या शब्दाला फारसा अर्थ नसतो. म्हणून इसारा देण्याआधी नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा, असे जुनी माणसे सांगतात. खर्च किरकोळ असतो. तरीही बहुतेकजण तो इसारा दिल्यानंतरच करतात.

हिरव्याचे पिवळे करायचे, तर महापालिकेच्या हद्दीत नगररचना अधिनियमाचे कलम 37 आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात कलम 20 लागू होते. हद्दीतल्या फेरबदलासाठी सभेचा ठराव होतो, जाहीर सूचना निघते, महिनाभर हरकती-सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी लागते. एका शेतकऱ्याच्या दोन एकरांसाठी ही वाट लांबलचक. त्यामुळे असे बदल क्वचित एकट्यादुकट्याच्या अर्जावर आणि बहुधा नवा आराखडा येताना घाऊक होतात. मधल्या काळात माणसे थांबत नाहीत. कोल्हापूरच्या कडेचा बराच भाग आधी घरांनी भरला आणि कागदावर मागाहून रंगला.

यात शहराच्या हद्दीचा वाटा मोठा आहे. कोल्हापूर नगरपालिका 1854 ची, महापालिका 1972 ची. महापालिकेचे क्षेत्र 66.82 चौ. किमी. आणि त्यानंतरचे अर्धशतक हद्दवाढ फक्त आंदोलनांत, ठरावांत आणि निवडणुकीच्या भाषणांत झाली. कधी 42 गावे, कधी 18, कधी त्याहून कमी, असे प्रस्ताव बदलत गेले. लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात पोचली, पण रेषा हलली नाही. गावांचा विरोधही निराधार नव्हता. घरफाळा वाढेल, शेतावर बाग-शाळा-रस्त्याचे आरक्षण पडेल आणि मोबदला कधी मिळेल याचा पत्ता नाही, ही भीती शहरातल्या जुन्या आरक्षणांकडे बघूनच आली होती. तोडगा म्हणून 2017 मध्ये शहराभोवतीच्या 42 गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमण्यात आले. तोवर गावात घर बांधायचे म्हणजे ग्रामपंचायतीचा कागद घ्यायचा, अशीच रीत होती. प्राधिकरण आल्यावर रेखांकन (म्हणजे प्लॉट-रस्त्यांची आखणी) आणि बांधकाम परवानगीचा अधिकार तिथे गेला. एकाच गल्लीत एका घराकडे ग्रामपंचायतीचा दाखला आणि शेजारच्याकडे प्राधिकरणाचा मंजूर नकाशा, असे चित्र या गावांत दिसते ते त्यामुळे. कर्ज काढायची वेळ आली की दोन्हींतला फरक बँक समजावून सांगते.

शहर कुठे वाढले हे मात्र कायद्याने नव्हे, नदीने ठरवले. पंचगंगा शहराला पश्चिमेकडून उत्तरेकडे वळसा घालते. त्या बाजूची काळी, मळीची जमीन उसाची. आणि तिचा बराचसा भाग बुडितात. दक्षिणेला आणि आग्नेयेला कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी अशी चढाची, मुरमाड माळाची गावे. जागा बघायला आलेल्या कोल्हापूरकराचा पहिला प्रश्न भावाचा नसतो, ‘हितं पाणी येतं का?’ हा असतो. इथे पाणी म्हणजे पुराचे. माळावर ते येत नाही, म्हणून माळ आधी भरला. उन्हाळ्यात मात्र हाच प्रश्न उलटा होतो. पाचगाव-मोरेवाडीकडच्या वसाहतींना टँकरची वाट बघावी लागते, कारण प्लॉट पडण्याचा वेग नळाच्या योजनेला कधीच गाठता आला नाही. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाईपलाईनने शहरात आले. हद्दीबाहेरच्या माळाला त्याचा उपयोग बेताचाच.

स्वतंत्र घराची ओढ या शहराला जुनीच. शाहू महाराजांच्या काळात वसलेली शाहूपुरी व्यापाराची पेठ होती; पुढे राजारामपुरी आखीव, क्रमांकांच्या गल्ल्यांची झाली, आणि ताराबाई पार्क, नागाळा पार्क हे बंगल्यांचे भाग झाले. वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर उभे राहिले. कोल्हापूरच्या हद्दीबाहेरची पहिली मोठी वसाहत अशी परक्यांच्या दुर्दैवातून झाली. फ्लॅट संस्कृती इथे उशिरा आली आणि अजूनही पुष्कळांना ती तडजोड वाटते. दारात तुळस, मागे नळाची मोरी, वर गच्चीत पाण्याची टाकी आणि भावाला बांधायला मोकळा अर्धा प्लॉट, ही इथल्या मध्यमवर्गाची घराची कल्पना. दोन गुंठे, म्हणजे 2,178 चौरस फूट, त्यासाठी पुरतात.

मोजमाप इथे गुंठ्यातच चालते; चाळीस गुंठे म्हणजे एकर. एका एकराचे प्लॉट पाडले तर काय उरते, हे हिशोबाने पाहावे. एकर भरतो 4,047 चौ. मी. 4,000 चौ. मी. ला पोचलेल्या रेखांकनात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे चार गुंठे गेले. रान चाळीस मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब आहे असे धरा आणि मधून नऊ मीटरचा रस्ता काढा. तो नऊ गुंठे खातो. उरले सत्तावीस. विकायचे ते एवढेच, पण खरेदीदाराच्या डोक्यातला भाव चाळीस गुंठ्यांच्या जमिनीचा असतो. प्लॉट महाग का, याचे अर्धे उत्तर या तेरा गुंठ्यांत आहे. उरलेले अर्धे ज्यांनी सोसले ते उघड बोलत नाहीत.

काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे असते. ऊस तुटून गेला की खोडवा न राखता जेसीबी सऱ्या मोडतो. बांधावरचे शेवग्याचे झाड आणि पाणंदीकडेची घाणेरी पहिल्याच दिवशी जाते. मग भूमी अभिलेखचा मोजणीदार, त्याच्या मागे गडी, चुन्याच्या रेघा, कोपऱ्यांत सिमेंटचे खुंट. रस्त्यावर खडी अंथरली जाते आणि तोंडाला कमान उभी राहते. नाव बहुधा मालकाच्या आईचे किंवा देवाचे, पुढे ‘पार्क’ किंवा ‘कॉलनी’. कागद मात्र आणखी काही काळ तालुक्याला असतो : सातबारा, आठ अ, फेरफार, तात्पुरती रेखांकन मंजुरी, अकृषिक आकार भरल्याची पावती, सनद, शेवटी कमी-जास्त पत्रक. हे शेवटचे झाले की प्रत्येक प्लॉटचा उतारा वेगळा निघतो. त्याआधी घेतलेला प्लॉट हा खरे तर शेताचा एक भाग असतो, कमान कितीही मोठी असली तरी.

2014 आणि 2017 मध्ये संहितेत 42-अ ते 42-ड ही कलमे आली. आराखड्यात जी जमीन रहिवास विभागात आहे, तिला जिल्हाधिकाऱ्यांची वेगळी अकृषिक परवानगी न घेता रूपांतर कर आणि आकार भरून पुढे जाता यावे, हा त्यांचा हेतू; 42-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनींनाही ती सोय दिली. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली आणि गावागणिक बदलणारे बांधकामाचे नियम पुष्कळ अंशी एकसारखे झाले. सोय झाली यात वाद नाही. पण हे सारे भोगवटादार वर्ग 1 च्या, म्हणजे मालकाला परवानगीविना विकता येणाऱ्या जमिनीचे. वर्ग 2 असेल, म्हणजे वतनाची, कुळकायद्याने मिळालेली किंवा शासनाने अटींवर दिलेली, तर आधी परवानगी आणि नजराणा, म्हणजे शासनाला भरायची रक्कम. देवस्थान इनामाची असेल, तर तिथे हात घालूच नये. कोल्हापूर संस्थानी मुलूख. देवळांना दिलेल्या जमिनी भोवती भरपूर आहेत आणि अंबाबाई-जोतिबासह तीन हजारांवर देवळांचा कारभार पाहणारी पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच आहे. सातबाराचा ‘इतर हक्क’ रकाना बारीक अक्षरात असतो, पण वाचायचा तोच. काही जुन्या उताऱ्यांवर नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचे शेरेही सापडतात. तो कायदा राज्याने 2007 मध्ये सोडला, शेरा पुसून घ्यायचे काम मालकाकडे राहिले.

या रीतसर वाटेला समांतर अशी दुसरी वाट म्हणजे गुंठेवारी. रेखांकन नाही, खुली जागा नाही, बारा फुटांचा बोळ आणि दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे. तुकडेबंदीचा 1947 चा कायदा शेतीचे असे तुकडे पाडू देत नव्हता. 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे झाले, तरी दोन गुंठे त्यात बसत नव्हते. कुळकायदाही शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेऊ देत नाही. कोल्हापुरात मात्र ही दुसरी अडचण कुणाला फारशी येत नाही. इथल्या कारकुनापासून डॉक्टरपर्यंत बहुतेकांचे नाव कुठल्यातरी गावच्या सातबारावर असतेच. पहिली अडचण अशी सोडवली जाई : चार-पाच जणांनी मिळून दहा-वीस गुंठे एकत्र खरेदी करायचे, दस्तात सगळ्यांची नावे घालायची आणि जागेवर दोरी धरून वाटून घ्यायचे. उताऱ्यावर क्षेत्र सामाईक राहते. पुढे एकाला विकायचे झाले की बाकीच्यांच्या सह्या, आणि त्यांतला एक गेलेला असेल तर त्याच्या वारसांच्याही. राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा केला, त्याची मुदत 1 जानेवारी 2001 पूर्वीच्या भूखंडांची होती. 2021 च्या दुरुस्तीने ती 31 डिसेंबर 2020 पर्यंत ओढली. मुदत पुढे सरकते हे एकदा दिसले की माणसे पुढच्या मुदतीच्या भरवशावर बांधतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण रीतसर सत्तावीस गुंठ्यांतला प्लॉट त्यांच्या पगारात बसत नव्हता, हेही खरे.

शेतकरी का विकतो, याला भाबडी उत्तरे दिली जातात. एकरी 40 टन ऊस आणि टनाला सव्वातीन ते साडेतीन हजार धरले, तर वर्षाला एक लाख तीस-चाळीस हजार येतात आणि त्यातून खत, पाणीपट्टी, मजुरी जाते. शहरालगत एका गुंठ्याची किंमत त्याहून अधिक आहे. शिवाय शेजारचे रान प्लॉट झाले की आपले रान नुसते राखणेही अवघड होते : पाटात सांडपाणी येते, ट्रॅक्टरला वळायला जागा राहत नाही, ऊस पेटवला तर वसाहतीतून फोन येतात. उपसा पाणी संस्थेचे चार सभासद कमी झाले, तर मोटारीचा खर्च उरलेल्यांवर पडतो. म्हणजे एकाचा निर्णय शिवारभर पसरतो, आणि शेवटी विकणाऱ्याने तो घेतला की त्याच्यावर आला, हे सांगता येत नाही.

माळ संपत आल्यावर प्लॉट पुन्हा नदीकडे उतरले. इथे जलसंपदा विभागाच्या दोन रेषा आड येतात : साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल. निळीच्या आत रहिवासी बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्यांना या वर्षांच्या मोजणीचे हसू येते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि दोनच वर्षांत पुन्हा तेवढे चढले. नंतर रेषेच्या आत आलेल्या मंजूर प्लॉटचे काय करायचे, यावर मालक, बांधकाम व्यावसायिक आणि कार्यालये यांचे भांडण चालत आले आहे. भराव टाकून जोते उंच करणे हा सर्वांचा आवडता उपाय. त्याने घर वाचते, पाणी शेजारच्या खालच्या घरात जाते.

उलटी हकीकत प्रयाग चिखली आणि आंबेवाडीची. पुरात सतत वेढल्या जाणाऱ्या या गावांच्या पुनर्वसनासाठी सोनतळीच्या माळावर जागा दिली गेली. प्लॉट होते, कोरडे होते. तरी गाव पुरते हलले नाही, कारण ऊस नदीकाठी आणि म्हशी उसाजवळ. पावसाळ्यात बंधाऱ्यावरचा आकडा 39 कडे सरकू लागला की जनावरांचे दावे सोडून लोक सोनतळीची वाट धरतात आणि पाणी ओसरले की भिंतीवरचा गाळ धुवायला परत येतात.