पी, जे की हंबकर? बेस गिटारचा पिकअप नक्की काय ऐकतो

माझा पहिला बेस जे टाइपचा, म्हणजे फेंडरच्या जॅझ बेससारखा दोन पिकअपचा होता. पहिल्याच प्रोग्रामला हॉलमध्ये डिमरवरचे लाइट लावलेले आणि मी सोलोसाठी पुढचा पिकअप बंद केला तशी अॅम्पमधून घुंऽऽ सुरू झाली ती थांबेचना. वायरिंग गेलं असं समजून दुसऱ्या दिवशी दुकानात नेला, त्यांनी जॅक बदलला, पैसे घेतले, आणि घुंऽऽ होती तशीच राहिली. खरं म्हणजे बेसमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. तो आवाज त्या पिकअपच्या रचनेतच होता आणि हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी पिकअप म्हणजे काय ते बघू. चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, बास. पी बेसच्या (म्हणजे फेंडरच्या प्रिसिजन बेसच्या) पिकअपमध्ये हे वेढे दहा हजारांच्या आसपास असतात. वर बेसची लोखंडी तार असते, चुंबकामुळे तिचा तेवढा तुकडा स्वतःच थोडासा चुंबक होतो, ती हलली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेला नियम तो हाच. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर हा पिकअप मुका होतो.

पण कॉइलला काय कळणार क्षेत्र कोणामुळे बदललं? ट्रान्सफॉर्मर, डिमर, भिंतीतली वायर, सगळेच आपापलं क्षेत्र हलवत असतात आणि कॉइल ते इमानदारीत पकडते. आपल्याकडची मेन्सची वीज ५० हर्ट्झची, आणि बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला (दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीला) जो जी वाजतो तो ४९ हर्ट्झचा! त्याच घुंऽऽचा, म्हणजे हमचा, दुसरा पट १०० हर्ट्झ आणि मोकळी जी तार ९८ हर्ट्झ. गिटारवाल्याचा सगळ्यात खालचा स्वर ८२ हर्ट्झचा, त्यामुळे त्याला निदान ५० हर्ट्झ खालून कापून टाकता येतात, बेसवाल्याने तेच केलं तर स्वतःचेच सूर कापले जातात, म्हणून बेसमध्ये हमचा बंदोबस्त पिकअपमध्येच करावा लागतो.

त्याची युक्ती मला आजही फार सुंदर वाटते. दोन कॉइल घ्यायच्या, दुसरीचा चुंबक उलटा ठेवायचा आणि वेढेही उलटे द्यायचे. तारेचा सिग्नल दोनदा उलटतो म्हणजे सुलट होतो, दोन्ही कॉइलचा मिळून वाढतो. बाहेरच्या हमला मात्र चुंबकाशी काही देणंघेणं नाही, तो फक्त वेढ्यांमुळे एकदाच उलटतो, म्हणून दोन्हीकडचा हम एकमेकांना मारून टाकतो. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरनी अशा हंबकरच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला होता. (तारांना हात लावल्यावर जी चरचर कमी होते ती वेगळी, तिच्यासाठी अर्थिंग आणि आतून कॉपर फॉइल लावून फायदा होतो. पण ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्या पातळ फॉइलला जुमानत नाही. बेस हातात धरून जागेवर गोल फिरलात आणि हम कमी-जास्त झाला तर तो या चुंबकीय जातीचा समजा.)

आता पी. कॅलिफोर्नियात फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला, त्यात एकच साधी कॉइल होती. १९५७ मध्ये त्याने तिचे दोन तुकडे केले, एक ई-ए तारांखाली, दुसरा डी-जी खाली जरा ब्रिजकडे (घोडीकडे) सरकवून, आणि दोघांचे चुंबक आणि वेढे उलटसुलट. हम गेला, आणि प्रत्येक तारेला ऐकणारी कॉइल मात्र एकच राहिली, त्यामुळे आवाज सिंगल कॉइलसारखाच स्वच्छ. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या बेसवादक जेम्स जेमरसनचा १९६२चा बेस याच रचनेचा. माझ्या मते या वाद्याच्या इतिहासात यापेक्षा चांगली तडजोड झालेली नाही.

आणि पिकअप कुठे बसवलाय याचा परिणाम मला ब्रँड आणि चुंबकाच्या जातीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तो त्या तारेचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे तार पाच भागांत हलतेय, आणि त्या भागांच्या सांध्यावर तार त्या हार्मोनिकपुरती स्थिरच असते. पिकअप नेमका सांध्याखाली आला तर तो स्वर त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. पी बेसची तार ३४ इंचांची आणि पिकअप ब्रिजपासून साधारण ५ ते ६ इंचांवर, म्हणजे तारेच्या सहाव्या हिश्शाला, तेव्हा मोकळ्या तारेचा सहावा हार्मोनिक मार खातो. बाराव्या फ्रेटवर बोट ठेवलं की तार १७ इंचांची होते, पिकअप तिसऱ्या हिश्शाला येतो आणि तिसरा हार्मोनिक, म्हणजे पंचम, दबतो. मधे तिसऱ्या ते पाचव्या फ्रेटच्या दरम्यान, कुठली तार वाजवताय त्यानुसार, तो गंधारच हरवतो. आणि गंमत बघा, हार्मोनिकचा नंबर बदलत जातो पण फ्रिक्वेन्सी त्या तारेपुरती तीच राहते, ई तारेवर ढोबळमानाने २४० हर्ट्झ आणि तिच्या पटी. म्हणजे पिकअपची जागा हा लाकडात कायमचा कोरलेला फिल्टरच झाला, आणि अॅम्पवरचा नॉब कितीही फिरवला तरी जे पिकअपने ऐकलंच नाही ते परत येत नाही.

ब्रिजजवळ गेलं की हा फिल्टर खूप वर सरकतो. तिथे वरचे हार्मोनिक भरपूर मिळतात पण तार कमी हलते म्हणून खालचं वजन कमी पडतं. सतार वाजवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, घोडीजवळ छेडलं की आवाज टोकदार येतो, ऐकण्याच्या जागेलाही तोच हिशोब लागू पडतो.

१९६०च्या जॅझ बेसमध्ये म्हणून दोन जागा दिल्या, एक नेककडे (दांडीकडे), एक ब्रिजकडे, दोन्ही साध्या कॉइल. ब्रिजवाल्या पिकअपचा तो नाकातून गायल्यासारखा आवाज ऐकायचा असेल तर जाको पास्टोरियसचा फ्रेटलेस (फ्रेट नसलेला) बेस ऐका. दोन्ही फुल ठेवले की वेगळीच गोष्ट होते: काही हार्मोनिकवर एका पिकअपखाली तार वर चाललेली असते आणि त्याच क्षणी दुसऱ्याखाली खाली, बेरीज केली की ते स्वर कटतात. मोकळ्या ए तारेवर हा खड्डा साधारण ४५० ते ५०० हर्ट्झच्या आसपास पडतो आणि आवाज मधून पोकळ, कडांना चकचकीत होतो, स्लॅपला (अंगठ्याने तार आपटून वाजवायला) एकदम फिट. दोन पिकअपमधलं अंतर साठच्या दशकातल्या जॅझ बेसमध्ये ३.६ इंच होतं, सत्तरच्या दशकात ४ इंच झालं, आणि एवढ्याशा फरकावर लोक वर्षानुवर्षं वाद घालतात ते उगाच नाही, कारण अंतर बदललं की खड्ड्याची जागा बदलते.

हमचं म्हणाल तर जॅझ बेसमध्ये दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलटे बनवतात, म्हणजे दोन्ही फुल असले की मिळून हंबकरच. पण एक जरा कमी केला की बरोबरी मोडते आणि हम डोकावतो. माझ्या हॉलमध्ये झालेलं नेमकं हेच.

हंबकरवाल्यांत स्टिंगरे सगळ्यात प्रसिद्ध. तोही लिओ फेंडरचाच, म्युझिक मॅनसाठी १९७६ मध्ये केलेला. मोठा हंबकर, पी पेक्षा ब्रिजकडे सरकलेला, आणि आत ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीअॅम्प (सिग्नल आधीच वाढवणारं छोटं सर्किट). दोन्ही कॉइल शेजारीशेजारी असल्याने तार थोड्या रुंद पट्ट्यात ऐकली जाते आणि अगदी वरचे हार्मोनिक बोथट व्हायला हवेत, पण इथे कॉइल पॅरललमध्ये (समांतर) जोडल्यात. सिरीजमध्ये (एकीमागे एक) जोडल्या असत्या तर आवाज मोठा आणि जाड झाला असता आणि वरची चमक गेली असती. पॅरललमध्ये इंडक्टन्स (बदलत्या विजेला कॉइलचा होणारा विरोध) कमी होतो, चमक टिकते, आणि उरलेलं काम प्रीअॅम्प करतो. बेसवादक लुई जॉन्सनच्या अंगठ्याचा तो तडाखा त्यातूनच आलाय.

पीजे, म्हणजे एक पी आणि एक जे पिकअप, असं कॉम्बिनेशन हल्ली बऱ्याच बेसमध्ये दिसतं, आणि मला आवडतंही, फक्त घेताना एक गोष्ट लक्षात असू द्या. त्यातला पी एकटा शांत असतो, पण जे साधी सिंगल कॉइल असेल तर तो उघडला की हम येणारच. दुकानात ट्राय करताना ट्यूबलाइटजवळ उभं राहून फक्त जे वर करा, दहा सेकंदात कळतं.

माझ्याकडे तोच जे बेस अजून आहे. लाइट वाईट असतील त्या हॉलमध्ये दोन्ही नॉब फुल ठेवतो आणि मधला खड्डा अॅम्पवर मिड वाढवून जमेल तेवढा भरतो. सोलोला ब्रिज पिकअप एकटा लागलाच तर आधी साउंडचेकला अंग हळूहळू वळवत राहतो, जिथे हम सगळ्यात कमी होतो तिथे स्टेजवर चिकटपट्टी लावतो, आणि सोलो त्याच दिशेला तोंड करून वाजवतो.